रक्तातल्या पेशी आणि सीबीसीचा रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीबीसीचा (रक्तातल्या पेशी मोजणाऱ्या तपासणीचा) कागद हातात पडतो, एखाद्या आकड्याशेजारी ठळक अक्षरात 'हाय' किंवा 'लो' दिसतं आणि प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. आधी पेशींच्या कामाचे, मग रिपोर्टचे आणि शेवटी अपवादांचे. जिथे विषय आधी येऊन गेला आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

१. रक्तात नक्की कोणत्या पेशी असतात आणि किती?

लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. मोठ्या माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे एका घन मिलिमीटरमध्ये, लाल पेशी साधारण ४० ते ५५ लाख, पांढऱ्या ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात. संपूर्ण शरीरात ढोबळमानाने ३० लाख कोटी पेशी धरल्या जातात. त्यातल्या जवळपास २५ लाख कोटी एकट्या लाल पेशी आहेत. मेंदू, हृदय, यकृत यांचं कितीही कौतुक केलं तरी डोकी मोजायला बसलं तर बहुमत लाल पेशींचंच.

रिपोर्टमधला कुठलाही आकडा वाचताना तीन गोष्टी विचारायची सवय ठेवा: ही पेशी तयार किती होते, जगते किती दिवस, आणि रक्त काढलं त्या वेळी ती होती कुठे? खालची निम्मी उत्तरं या तीन प्रश्नांतूनच निघतात.

२. लाल पेशीला केंद्रक नसतं असं शाळेत शिकलो. मग ती जिवंत म्हणायची का?

जिवंतच. ती साखर वापरते, आपलं आवरण सांभाळते, आतल्या क्षारांचं प्रमाण राखते. फक्त दुरुस्ती आणि प्रजनन तिने सोडून दिलं आहे. हाडांच्या मज्जेत (बोन मॅरो) तयार होताना तिला केंद्रक असतं. रक्तात उतरण्याआधी ती ते बाहेर टाकते. पाठोपाठ तंतुकणिकाही जातात. मोकळ्या झालेल्या जागेत हिमोग्लोबिन भरलेलं असतं, एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू.

तंतुकणिका नसल्याचा एक मोठा फायदा आहे. ज्या पेशीचं काम ऑक्सिजन पोचवणं, ती स्वतः त्यातला कणभरही वापरत नाही. ऑक्सिजनशिवाय साखर मोडून मिळेल तेवढ्या ऊर्जेवर ती भागवते. केंद्रक नसल्यामुळे ती दोन्ही बाजूंनी दबलेली, लवचीक चकती होते. तिचा व्यास ७ ते ८ मायक्रॉन, आणि काही केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात. तिथून ती अंग दुमडून जाते.

किंमत एवढीच की झीज भरून काढता येत नाही. सुमारे १२० दिवसांत खेळ संपतो.

३. या सगळ्या पेशी तयार कुठे होतात? कुणी काय व्हायचं हे कोण ठरवतं?

मोठ्या माणसात मुख्यतः कमरेचं हाड, छातीचं मधलं हाड, मणके आणि बरगड्या यांच्या मज्जेत. लहान मुलांत जवळजवळ सगळ्याच हाडांत, आणि गर्भात बराच काळ यकृतात. सगळ्यांचा उगम एकाच प्रकारच्या मूलपेशीत आहे. टोरांटोच्या टिल आणि मॅक्युलॉक या संशोधकांनी १९६१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून अशा पेशींचा पुरावा दिला.

मूलपेशीतले जनुक सगळ्यांना सारखेच मिळतात. कुठले चालू राहायचे आणि कुठले बंद, यावर पुढची वाट ठरते, आणि ते बरंचसं बाहेरून येणाऱ्या निरोपांवर अवलंबून असतं. उदाहरणार्थ, मूत्रपिंडाला ऑक्सिजन कमी पडतोय असं जाणवलं की ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतं आणि मज्जा लाल पेशी वाढवते. मूत्रपिंड निकामी झालेल्या पेशंटचं हिमोग्लोबिन का घसरतं आणि डायलिसिसच्या पेशंटना ती ठरावीक इंजेक्शनं का देतात, याचं कारण हेच. प्लेटलेटसाठी असाच निरोप यकृताकडून जातो.

४. १२० दिवसांनी लाल पेशी जातात कुठे?

बहुतेक प्लीहेत (स्प्लीन). म्हाताऱ्या पेशीचं आवरण ताठर होतं, प्लीहेतल्या बारीक फटींतून तिला निघता येत नाही आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. मज्जा सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी सोडते आणि तेवढ्याच जुन्या मोडल्या जातात.

मोडलेल्या मालातलं लोह जपून परत वापरलं जातं. मज्जेला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागतं. जेवणातून अंगी लागतं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. बाकी सगळं जुन्या पेशींचंच. म्हणूनच रक्त बाहेर गेलं की लोहाचं गणित झपाट्याने बिघडतं (प्रश्न ७).

लोह काढून घेतल्यावर उरलेल्या भागापासून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य होतं. यकृत ते पित्तात सोडतं आणि त्याच्या पुढच्या रूपांमुळे शौचाला तपकिरी रंग येतो. लाल पेशी भराभर फुटायला लागल्या तर यकृत ठणठणीत असूनही डोळे पिवळे होतात. कावीळ झाली म्हणजे यकृतच बिघडलं, असं धरून गावठी औषध सुरू करू नका. आधी ती कुठल्या जातीची आहे ते तपासा.

५. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट… हे पाच प्रकार वेगवेगळं काय करतात?

न्यूट्रोफिल सगळ्यांत जास्त, ४० ते ७५ टक्के. जिवाणू शिरले की पहिली तुकडी यांची. जंतू गिळतात, त्यांच्यावर तिखट रसायनं सोडतात, आणि वेळ आली तर आपलाच डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून जंतूंना अडकवतात. ही शेवटची युक्ती २००४ मध्ये उजेडात आली. रक्तात ते टिकतात काही तास, फार तर एखादा दिवस. गळवातला पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. मज्जा रोज सुमारे १०,००० कोटी नवे तयार करते, आणि त्यामुळेच केमोथेरपीने मज्जा दबली की काही दिवसांत हा आकडा कोसळतो, लाल पेशींचा मात्र सावकाश उतरतो.

मोनोसाइट रक्तातून ऊतींमध्ये उतरतात आणि तिथे भक्षक पेशी होतात. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा, सगळं खातात. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या अळीत काटा खुपसला आणि पेशी काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. या कल्पनेला १९०८ चं नोबेल मिळालं.

लिम्फोसाइट ओळख ठेवतात. त्यांतल्या बी पेशींपासून प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी होतात, टी पेशी बाधित पेशी मारतात किंवा इतरांना कामाला लावतात, आणि नैसर्गिक मारक पेशी ओळखपाळख न ठेवताच संशयिताला संपवतात. यांच्यातल्या स्मृतिपेशी दशकानुदशकं टिकतात. लहानपणी गोवर येऊन गेलेल्याला तो सहसा पुन्हा होत नाही, तो यांच्या जिवावर. एचआयव्ही नेमका टी पेशींमधल्या सीडी४ गटावर घाला घालतो, आणि इतरांना कामाला लावणारेच गेल्यामुळे सगळी फळी ढासळते.

इओसिनोफिल जंत आणि ॲलर्जीशी जोडलेले (प्रश्न १२). बेसोफिल सगळ्यांत दुर्मीळ, एक टक्क्याच्या आसपास; त्यांच्यात हिस्टामिन भरलेलं असतं.

६. काढे, गोळ्या, ज्यूस घेऊन 'इम्युनिटी' वाढवता येते का?

निरोगी माणसात पांढऱ्या पेशींची संख्या वाढवणं हे ध्येयच चुकीचं आहे. संरक्षण यंत्रणा गरजेपेक्षा जास्त चेतली की दमा, ॲलर्जी, संधिवाताचे काही प्रकार असे त्रास होतात. ठरावीक जंतूविरुद्ध तयारी वाढवण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे लस, कारण ती स्मृतिपेशी तयार करून घेते. बाकी झोप, पुरेशी प्रथिनं, तंबाखू बंद आणि मधुमेह ताब्यात. आल्याचा काढा घशाला बरा वाटतो, तेवढ्यासाठी खुशाल घ्या.

७. हिमोग्लोबिन ९ आलं आहे. बीट, खजूर, गूळ खाऊन भरून निघेल का?

एकट्या खाण्याने, सहसा नाही. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं ही समजूत घट्ट बसली आहे; त्यात लोह अगदी बेताचं असतं. हळीव, पालेभाज्या, कडधान्यं, मांसाहार करत असाल तर कलेजी, हे त्याहून कितीतरी बरं. सोबत लिंबू किंवा आवळा, आणि जेवणाला लागून चहा नको. चहा लोह शोषू देत नाही. पण बायकांचं प्रमाण १२, पुरुषांचं १३ आणि गरोदरपणी ११ धरलं जातं; ९ वरून तिथे पोचायला गोळ्या लागतातच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: लोह गेलं कुठे? पाळीत जास्त जाणारं रक्त, मूळव्याध, पोटातला व्रण, अनवाणी चालणाऱ्यांत अंकुशकृमी. पन्नाशीनंतरच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोहाअभावी कमी झालं असेल तर पोटाची तपासणी टाळू नका. आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण कधी कधी एवढीच असते. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया असल्याचं २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. इतकं सर्रास असल्यामुळे 'बायकांचं असंच असतं' म्हणून सोडून दिलं जातं. ते सोडून देण्याजोगं नाही.

गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. एक मात्रा घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर पुढचं शोषण आवरतं, म्हणून काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही साठा भरण्यासाठी आणखी तीनेक महिने घ्यावी लागते. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात आणि वर्षभरात परत ९ वर येतात.

८. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन हललंच नाही. का?

रक्त अजून जातंय, गोळी खरोखर घेतली जात नाहीये, पोटात शोषली जात नाहीये, किंवा मुळात दोष लोहाचा नाहीच. शेवटच्या शक्यतेत थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन कमी बनवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा नुसता वाहक असणं) वरचा. त्यात लाल पेशी लहान असतात (एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार, कमी), पण संख्येने भरपूर, कधी नेहमीपेक्षा जास्त. लोहाच्या कमतरतेत आकार आणि संख्या दोन्ही घटतात.

घरच्या घरी करता येणारा ठोकताळा: एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षातल्या आकड्याने भागा. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.८ असतील तर उत्तर १०.७. उत्तर १३ पेक्षा कमी आलं तर थॅलेसेमिया मायनरचा संशय, जास्त आलं तर लोहाचा. हा संशयच; पक्कं होतं ते हिमोग्लोबिन ए२ च्या तपासणीने, जे ३.५ टक्क्यांच्या वर जातं. इथेही एक खोच आहे. सोबत लोहाचीही कमतरता असेल तर ए२ खाली येऊन निदान हुकू शकतं, म्हणून कधी कधी लोह भरून काढून तपासणी पुन्हा करतात.

मायनर हा आजार म्हणून त्रास देत नाही, पण जोडीदारही मायनर असेल तर मुलाला मेजर, म्हणजे त्याच आजाराचं गंभीर रूप, होण्याची शक्यता असते. गणित प्रश्न १८ सारखंच. सिंधी, लोहाणा, पंजाबी अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण इतर कुणीही निश्चिंत राहावं असं नाही.

९. एमसीव्ही अगदी नॉर्मल आहे, तरी डॉक्टर म्हणतात लोह आणि बी१२ दोन्ही कमी. हे कसं?

एमसीव्ही ही सरासरी आहे. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही एकदम असतील तर सरासरी मधोमध येते आणि कागद निरागस दिसतो. तेव्हा शेजारचा आरडीडब्ल्यू पाहा. तो पेशींच्या आकारातली तफावत सांगतो आणि अशा वेळी वाढलेला असतो. रक्त पसरलेल्या काचपट्टीवर न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे पाचाहून जास्त तुकडे दिसणं ही बी१२ कमी असल्याची आणखी एक खूण.

बी१२ फक्त प्राणिज अन्नात मिळतं. शुद्ध शाकाहारी घरांत दूध-दही कमी असेल तर कमतरता नेहमीची. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनीही लक्ष ठेवावं. आणि नुसतं फॉलिक ॲसिड घेऊन गप्प बसू नका: रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण हातापायांच्या मुंग्या आणि मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

१०. पांढऱ्या पेशी १४,००० आल्या. इन्फेक्शन आहे की कॅन्सर?

बहुतेक वेळा इन्फेक्शन, आणि कित्येकदा तेही नसतं. न्यूट्रोफिलपैकी सुमारे निम्मे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात. सुईने काढलेल्या रक्तात ते येतच नाहीत. धावपळ, वेदना, भीती किंवा स्टेरॉइडचं औषध यांमुळे ते सुटून प्रवाहात येतात आणि आकडा काही वेळात वाढतो. एकही नवी पेशी तयार झालेली नसते. गरोदरपण आणि धूम्रपान यांतही तो चढाच असतो.

उलट गंभीर इन्फेक्शन असूनही आकडा कमी असू शकतो. टायफॉइड आणि डेंग्यूत हे नेहमी दिसतं.

रक्ताच्या कर्करोगाबद्दल एवढं लक्षात ठेवा: त्यात आकडा प्रचंड वाढलेला, नॉर्मल किंवा कमी, काहीही असू शकतो. काचपट्टीवर अपक्व पेशी दिसतात का, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही सोबत घसरल्या आहेत का, यावर संशय ठरतो. '१४,००० पेशी' एवढ्यावरून रात्रभर इंटरनेट धुंडाळत बसू नका.

११. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट ६० टक्के, 'हाय'. काळजी करू का?

आधी टक्के सोडा आणि प्रत्यक्ष संख्या काढा. एकूण पांढऱ्या पेशी ३,००० असतील तर ६० टक्के म्हणजे १,८००. मोठ्या माणसासाठी ही अगदी ठीक संख्या आहे. न्यूट्रोफिल मात्र ३० टक्के म्हणजे ९००, आणि ते कमी आहेत. लिम्फोसाइट वाढलेलेच नाहीत, दुसरे घटल्यामुळे त्यांचा वाटा फुगलेला दिसतोय. विषाणूच्या तापानंतर हे चित्र सारखं दिसतं.

पेशंट दोन वर्षांचं मूल असेल तर ६० टक्के लिम्फोसाइट हे त्या वयाला साजेसंच आहे. चार-पाच वर्षांपर्यंत मुलांत न्यूट्रोफिलपेक्षा लिम्फोसाइटच जास्त असतात. रिपोर्टवर छापलेलं प्रमाण कित्येकदा मोठ्यांचं असतं.

१२. इओसिनोफिल वाढले म्हणजे जंत झाले का?

जंत, ॲलर्जी, दमा, इसब, काही औषधं; यांपैकी काहीही. शौचाची तपासणी करून मगच जंताचं औषध घेणं बरं. हत्तीरोगाच्या भागात राहून आलेल्या माणसाला रात्रीचा खोकला आणि इओसिनोफिल हजारोंनी वाढलेले असतील तर त्या परजीवीमुळे फुप्फुसात होणारा एक वेगळा आजार ध्यानात घ्यावा लागतो. तो दम्यासारखाच वाटतो, पण औषध निराळं.

१३. डेंग्यूत प्लेटलेट किती खाली गेल्या की चढवायच्या?

रक्तस्राव होत नसेल तर साधारण १०,००० च्या खाली गेल्याशिवाय चढवण्याची गरज सहसा नसते. रक्तस्राव होत असेल तर आकडा न बघताही निर्णय होऊ शकतो. ५०,००० दिसताच नातेवाइकांनी डॉक्टरांमागे लागून 'एसडीपी' (एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेट) मागवणं, हे दर पावसाळ्यात दिसणारं दृश्य आहे, आणि त्याने पेशंटचा फायदा होत नाही. चढवलेल्या प्लेटलेट त्या अवस्थेत झटपट नष्टही होतात.

खरा धोका दुसरीकडे असतो. डेंग्यूत केशवाहिन्या झिरपू लागतात, रक्तातलं पाणी बाहेर जातं आणि रक्त घट्ट होतं. म्हणून प्लेटलेटसोबत पीसीव्ही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के) बघा. तो पेशंटच्या नेहमीच्या पातळीपेक्षा २० टक्क्यांनी वाढला तर ती धोक्याची घंटा. आणि हे बहुधा ताप उतरल्यावर घडतं, जेव्हा घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून गेल्यासारखं वाटणं, लघवी कमी होणं. यांतलं काहीही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. तापाला पॅरासिटामॉल चालेल; आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन नको.

१४. मग पपईच्या पानांचा रस?

काही छोट्या अभ्यासांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्याचं दिसलं आहे. त्याने रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात याचा भक्कम पुरावा नाही. डेंग्यूत आठवड्याभराने प्लेटलेट आपोआप चढतातच. त्या वेळी जे काही पोटात असेल, रस, किवी, शेळीचं दूध, त्याला श्रेय मिळतं. तो कडू रस पिऊन पेशंट उलट्या करत असेल तर अंगातलं पाणी कमी होतं, आणि नेमकं तेच डेंग्यूत परवडत नाही.

१५. प्लेटलेट २८,००० आल्या, पण मला काहीच त्रास नाही. रिपोर्ट चुकला का?

शक्य आहे, आणि ही शक्यता आधी तपासलीच पाहिजे. सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात ईडीटीए असतं. काही माणसांच्या प्लेटलेट त्या रसायनात एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात. यंत्र पेशींना एकेक करून बारीक छिद्रातून सोडतं आणि आकारावरून ओळखतं. गुठळी त्याला प्लेटलेट वाटत नाही. शरीरात काही बिघाड नसतो, दोष नळीतला. उपाय साधा: काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि निळ्या झाकणाच्या, म्हणजे सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं. त्या नळीतल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं, म्हणून येणारा आकडा १.१ ने गुणतात.

दुसरा प्रकार मोठ्या प्लेटलेटचा. बंगाल आणि पूर्व भारतातल्या काही निरोगी लोकांत जन्मतःच प्लेटलेट मोठ्या आणि संख्येने कमी असतात, रक्तस्राव मात्र होत नाही.

तिसरी शक्यता प्लीहेची. एरवीही एक तृतीयांश प्लेटलेट प्लीहेत मुक्कामाला असतात. मलेरिया किंवा यकृताच्या जुन्या आजारात ती सुजली तर बहुतेक सगळ्या तिथेच अडकतात. मज्जा भरपूर माल पाठवत असते, रक्तात तो दिसत नाही.

१६. ऑपरेशनच्या आधी ॲस्पिरिन आठवडाभर बंद करायला सांगितली. एका गोळीचा असर इतके दिवस राहतो?

औषध काही तासांत शरीरातून जातं, असर राहतो. प्लेटलेट म्हणजे मज्जेतल्या एका महाकाय पेशीचे तुटलेले तुकडे. त्यांना केंद्रक नाही. ॲस्पिरिन त्यांच्यातलं एक विकर कायमचं बंद पाडतं आणि नवं बनवायची सोय तुकड्याकडे नसते. तो ७ ते १० दिवस जगतो, तोवर तसाच. नव्या प्लेटलेट येऊन जुन्या हटल्या की काम पूर्ववत होतं. हृदयात स्टेंट असेल तर ही गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका. किती दिवस आणि करायची की नाही, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

१७. रक्तदान केल्यावर रक्त किती दिवसांत भरून येतं?

पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत. लाल पेशी चार ते आठ आठवड्यांत. लोह भरायला काही महिने, कारण ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर दोनशेहून जास्त मिलिग्रॅम लोह जातं (प्रश्न ४ मधला हिशेब आठवा). म्हणून आपल्याकडे दोन दानांत पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं, आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं.

१८. सिकलसेलचा वाहक म्हणजे पेशंटच का? लग्न करावं की नाही?

वाहक म्हणजे पेशंट नव्हे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. दोन्ही पालकांकडून तो आला (एसएस) तर ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनचे दांडे तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, केशवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना होतात. अशी पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकते. एकाच पालकाकडून आला (एएस) तर माणूस सहसा धडधाकट असतो.

दोघेही एएस असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के, पूर्ण निर्दोष २५ टक्के. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली, असं होत नाही. लग्न मोडायलाच हवं असंही नाही. गर्भाची तपासणी करता येते. मात्र दोघांचंही निदान आधी माहीत हवं. विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात तर पत्रिकेआधी हा रिपोर्ट बघावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

गावात शिबिरात होणारी विद्राव्यता चाचणी फक्त सिकल आहे की नाही ते सांगते. एएस आणि एसएस यांतला फरक तिला कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात विद्राव्यता चाचणी फसते, कारण तोवर गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झालं. त्याअंतर्गत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरवली गेली.

१९. शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीएवनसी) आणि घरच्या मशिनचे आकडे जुळत नाहीत. कशावर विश्वास ठेवायचा?

ही तपासणी लाल पेशीच्या आयुष्यावर उभी आहे. पेशी १२० दिवस रक्तात फिरते, तेवढा काळ हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. आयुष्य बदललं की आकडा खोटा पडतो. पेशी लवकर फुटत असतील, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बराच रक्तस्राव झाला असेल तर तो फसवा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत उलट जास्त येऊ शकतो. सिकलसेलच्या एसएस पेशंटमध्ये तर हिमोग्लोबिन ए नसतंच, तेव्हा 'ए१सी' या आकड्याला अर्थच नाही. अशांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, किंवा फ्रुक्टोसामिन ही तपासणी धरावी.

२०. गट 'ओ' लिहिला आहे, पण रक्तपेढी म्हणते ओ रक्त जुळत नाही. असं असतं का?

असतं, आणि त्याचं नावच बॉम्बे रक्तगट. ए, बी आणि ओ या सगळ्या गटांच्या लाल पेशींवर एच नावाचा पाया असतो. ए आणि बी त्यावर चढतात, ओ मध्ये नुसता पाया. काही लोकांत तो पायाच नसतो. साध्या तपासणीत ते ओ दिसतात, पण त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात आणि ओ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. मुंबईत वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये याची नोंद केली. भारतात साधारण १०,००० जणांत एक असं प्रमाण सांगितलं जातं, युरोपात दहा लाखांत एक. पेशंटच्या रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव ओ गटाच्या लाल पेशींशी जुळवून पाहिला की हा गट पकडला जातो. तो असेल तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, कारण रक्त फक्त याच गटाचं चालतं.

याच गटामुळे 'आई एबी, मूल ओ' असं अशक्य वाटणारं चित्र दिसू शकतं. घरात संशयाचं वादळ उठवण्याआधी रक्तपेढीत नीट तपासणी करा.

२१. मज्जा बदलल्यावर रक्तगट बदलतो का? डीएनएसुद्धा?

दोन्ही, पण फक्त रक्तापुरते. मज्जा जुळवताना ऊतींचे गट पाहतात, रक्तगट वेगळा असला तरी चालतो. नवी मज्जा रुजली की काही आठवडे ते महिन्यांत पेशंटचा गट दात्याचा होतो. आपल्याकडे पहिलं मज्जा प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं.

डीएनए तपासणीसाठी रक्तातल्या पांढऱ्या पेशी वापरतात. लाल पेशींत केंद्रक नसल्यामुळे त्या उपयोगाच्या नाहीत. प्रत्यारोपणानंतर पांढऱ्या पेशी दात्याच्या असतात, त्यामुळे रक्ताच्या नमुन्यातून दात्याचाच डीएनए निघतो. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यात दोघांचं मिश्रण येतं, कारण लाळेतही पांढऱ्या पेशी असतात. केसाच्या मुळाशी मात्र पेशंटचा जन्मजात डीएनए सापडतो. त्यामुळे पितृत्व किंवा ओळख पटवण्याच्या तपासणीला जाताना मज्जा प्रत्यारोपण झाल्याचं लॅबला आधीच सांगा.